मागच्या टरेटपर्यंत: अँडी मिनार्स्कीची गोष्ट

१३ जून १९४४ च्या पहाटे उत्तर फ्रान्समध्ये गोदियांप्रे या गावाजवळ एक लँकेस्टर बॉम्बर विमान जळत खाली आले. विमानात सात जण होते. त्यांपैकी सहा जण जगले आणि एक गेला. जो गेला, त्याला विमानातून वेळेवर बाहेर पडायला काहीही अडचण नव्हती; दार त्याच्या समोर होते आणि पॅराशूट छातीला लावलेले होते. जगलेल्या सहांपैकी एकाच्या वाचण्याची मात्र कोणी, अगदी त्याने स्वतःसुद्धा, आशा धरली नव्हती. गेलेल्याचे नाव अँड्र्यू मिनार्स्की, आणि ज्याला सोडवण्यासाठी तो आगीतून मागे गेला त्याचे नाव पॅट ब्रॉफी. कॅनडात, जिथे मी गेली बरीच वर्षे राहतो आहे, मिनार्स्कीचे नाव शाळेला, सरोवरांना आणि एका उडत्या विमानाला दिलेले आहे. मराठीत मात्र ही हकिगत सविस्तर लिहिलेली माझ्या वाचनात आलेली नाही, आणि ती आपल्या भाषेत असावी असे मला मनापासून वाटते.

मिनार्स्कीचा जन्म १४ ऑक्टोबर १९१६ रोजी विनिपेगमध्ये, पोलंडमधून आलेल्या एका कुटुंबात झाला. तो सोळा वर्षांचा असताना वडील वारले. तो काळ जागतिक मंदीचा होता आणि कॅनडाच्या गवताळ प्रांतांना तिचा फटका फार जबर बसला होता. घरात आई आणि भावंडे, तेव्हा हाताला मिळेल ते काम धरणे भाग होते. मऊ चामडे बेतून कापण्याचे काम त्याने पुढे अनेक वर्षे केले. स्वभावाने तो शांत, पण मित्रांमध्ये मिसळला की थट्टामस्करी करणारा होता, असे त्याच्या सहकाऱ्यांनी सांगितले आहे. १९४१ मध्ये तो कॅनडाच्या हवाई दलात भरती झाला. आधी त्याला कॅलगरीच्या वायरलेस शाळेत पाठवण्यात आले, परंतु मोर्सची टिकटिक काही त्याच्या अंगवळणी पडेना. मग त्याची रवानगी मॅनिटोबातल्या, विमानातल्या बंदुका चालवायला शिकवणाऱ्या शाळेत झाली आणि तो एअर गनर होऊन बाहेर पडला. १९४३ च्या सुरुवातीला तो इंग्लंडला गेला.

बॉम्बरमधला गनर म्हणजे काय, हे थोडे समजावून घेतल्याखेरीज पुढची गोष्ट नीट कळत नाही. लँकेस्टरमध्ये सात माणसे असत. वैमानिक, त्याच्या शेजारी फ्लाइट इंजिनिअर, नाकाच्या टोकाशी बॉम्ब टाकणारा, आणि पडद्याआड दिवा लावून बसलेले नेव्हिगेटर व वायरलेस ऑपरेटर, हे पाच जण विमानाच्या पुढच्या भागात एकमेकांच्या हाताच्या अंतरावर असत. उरलेले दोघे गनर. एक विमानाच्या पाठीवर, काचेच्या घुमटात, कापडी पट्ट्याच्या झोळीवर बसलेला. आणि दुसरा अगदी शेपटीच्या टोकाला. या दोघांचे काम सात-आठ तास अंधारात टक लावून पाहत राहणे, हे होते. त्यांच्या .३०३ बंदुका जर्मन लढाऊ विमानांच्या तोफांपुढे तोकड्या होत्या, त्यामुळे शत्रूला पाडण्यापेक्षा त्याला वेळीच पाहून वैमानिकाला ओरडून सावध करणे हेच त्यांचे खरे कर्तव्य होते. मिनार्स्की पाठीवरच्या टरेटमध्ये, म्हणजे बंदुका बसवलेल्या फिरत्या घुमटात, बसे. शेपटीला ब्रॉफी.

शेपटीचा टरेट ही विमानातली सर्वांत एकाकी जागा होती. माणूस आत शिरला की मागे दोन छोटी सरकती दारे बंद होत आणि मग त्याचा इतरांशी संबंध फक्त कानातल्या इंटरकॉमने. जागा इतकी अरुंद की अंगावर गरम कपड्यांचे थर चढवलेल्या माणसाला पॅराशूट आत घेऊन बसताच येत नसे. त्याचे पॅराशूट टरेटच्या बाहेर, विमानाच्या पोटात टांगलेले असे. संकटात बाहेर पडायचे झाले तर टरेट आधी सरळ रेषेत आणायचा, मागची दारे उघडायची, हात बाहेर घालून पॅराशूट ओढून घ्यायचे, ते छातीच्या पट्ट्याला अडकवायचे, मग टरेट पुन्हा एका बाजूला वळवायचा म्हणजे दारे उघड्या आकाशाकडे येतात, आणि तिथून पाठीवर बाहेर कोसळायचे. हा टरेट तेलाच्या दाबावर फिरे आणि तो दाब इंजिनाच्या पंपातून येई. इंजिन बंद पडले की तेल थांबले, आणि तेल थांबले की टरेट जिथे असेल तिथे थांबला. तशा वेळेसाठी हाताने फिरवायची एक यंत्रणा ठेवलेली होती. हे सारे मी मुद्दाम विस्ताराने लिहितो आहे, कारण त्या पहाटे ब्रॉफीचे प्राण या एकेका पायरीवर अडले.

दोघांची मैत्री मोठी होती. ब्रॉफी अधिकारी झाला होता आणि मिनार्स्की त्याच्याहून खालच्या हुद्द्यावर होता. अधिकाऱ्यांची आणि इतरांची राहण्या-जेवण्याची व्यवस्था हवाई दलात वेगळी असे. तरीही संध्याकाळी बाहेर पडायचे तर ही जोडी बरोबरच. रात्री आपापल्या निवासाकडे वळताना मिनार्स्की खोट्या गांभीर्याने ताठ उभा राहून सलाम ठोकायचा आणि म्हणायचा, ‘गुड नाइट, सर.’ हुद्द्यातल्या अंतराची ती त्याने रोज करायची थट्टा होती. ११ जूनच्या सुमारास त्यालाही पायलट ऑफिसर म्हणून बढती मिळाली, म्हणजे त्या थट्टेचे निमित्तही आता संपत आले होते.

त्यांची स्क्वाड्रन कॅनडाची ४१९, इंग्लंडच्या उत्तरेला डरॅम परगण्यातल्या मिडलटन सेंट जॉर्ज या तळावर होती. १९४४ च्या वसंतात तिला हॅलिफॅक्स विमानांच्या जागी लँकेस्टर मिळू लागली. ही लँकेस्टर कॅनडातच, टोरोंटोजवळच्या माल्टन येथे बांधलेली होती. आज माल्टन म्हटले की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे विमानतळाशेजारची वस्ती, गुरुद्वारा आणि भारतीय किराण्याची दुकाने येतात. इथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी किती जणांना ठाऊक असेल की त्याच परिसरातल्या कारखान्यात युद्धकाळात ४३० लँकेस्टर तयार झाली आणि त्यासाठी हजारो स्त्री-पुरुष पाळ्यांमध्ये राबले. मिनार्स्कीच्या विमानाचा क्रमांक होता केबी ७२६, आणि त्याच्या अंगावर व्हीआर-ए ही अक्षरे रंगवलेली होती.

नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरून त्या वेळी जेमतेम आठवडा झाला होता. त्या सैन्याला समुद्रात परत लोटण्यासाठी जर्मनीला कुमक आणायची होती, आणि ती रेल्वेनेच येणार होती. म्हणून रात्रीमागून रात्र फ्रान्समधली रेल्वे यार्डे आणि जंक्शने उद्ध्वस्त करण्याचे काम ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडला दिलेले होते. १२ जूनच्या रात्री आमियां, आरास, कांब्रे अशा अनेक ठिकाणी सहाशेहून अधिक विमाने पाठवण्यात आली. व्हीआर-ए कांब्रेच्या यार्डाकडे निघाले. या सात जणांची ती तेरावी मोहीम होती. निघण्याआधी सगळे विमानाजवळच्या गवतात थांबलेले असताना मिनार्स्कीला चार पानांचे क्लोव्हर सापडले. पाश्चात्त्यांमध्ये ते शुभशकुनाचे मानतात. त्याने ते ब्रॉफीला दिले, तूच ठेव म्हणून आग्रह केला, आणि ब्रॉफीने ते आपल्या हेल्मेटमध्ये खोचले.

फ्रान्सचा किनारा ओलांडताना सर्चलाइटच्या झोतांनी त्यांना काही काळ पकडले, पण वैमानिक आर्थर डी ब्रेनने विमान झुकवून, वळवून त्यातून सुटका करून घेतली. लक्ष्य जवळ आले तसे विमान खूप खाली आणले गेले, कारण यार्डाभोवती फ्रेंच वस्ती होती आणि बॉम्ब अचूक पडणे आवश्यक होते. त्याच वेळी ब्रॉफीला मागून येणारे एक जर्मन विमान दिसले. तो ओरडला आणि डी ब्रेनने लँकेस्टरला मळसूत्रासारखे वळण घ्यायला लावले. परंतु युंकर्स यू ८८ जातीचे ते दोन इंजिनांचे विमान खालून आले आणि त्याच्या तोफगोळ्यांनी वेध साधला. डाव्या बाजूची दोन्ही इंजिने गेली आणि पंख पेटला. आणखी एक गोळा विमानाच्या पोटात, पाठीवरचा टरेट आणि शेपटी यांच्यामध्ये फुटला. तिथल्या नळ्यांमधून सांडलेल्या तेलाने पेट घेतला आणि दोन गनरांच्या मधोमध आगीची भिंत उभी राहिली. डी ब्रेनने सर्वांना विमान सोडण्याचा आदेश दिला.

पुढचे पाच जण नाकाच्या तळाशी असलेल्या दारातून बाहेर पडण्याच्या खटपटीला लागले. मिनार्स्की आपल्या टरेटमधून खाली उतरला आणि शेपटीजवळच्या बाजूच्या दारापाशी आला. उडी मारायची तेवढी बाकी होती. तिथून त्याची नजर मागे गेली आणि शेपटीच्या टरेटमध्ये ब्रॉफी अडकलेला त्याला दिसला. ब्रॉफीने दारे थोडी उघडून पॅराशूट मिळवले होते, पण डावी इंजिने बंद पडल्याने टरेटचे तेल थांबलेले होते, आणि हाताने फिरवण्याची यंत्रणा त्याच्या झटापटीत तुटून गेली होती. टरेट अर्धवट वळलेल्या अवस्थेत गच्च बसला. त्याला आतही येता येत नव्हते आणि बाहेरही पडता येत नव्हते.

मिनार्स्की वळला आणि आगीत शिरला. हातांवर आणि गुडघ्यांवर रांगत तो जळत्या तेलातून मागे गेला. टरेटपाशी पोहोचेपर्यंत त्याच्या कपड्यांनी कमरेपर्यंत पेट घेतला होता आणि पॅराशूटही पेटले होते. त्याने आग विझवण्याच्या सामानातली कुऱ्हाड उचलून टरेटवर घाव घातले. टरेट हलेना. मग त्याने कुऱ्हाड टाकून नुसत्या हातांनी दारे ओढायला सुरुवात केली. काचेपलीकडून ब्रॉफीने मान हलवली, हाताने खूण केली आणि जीव तोडून ओरडला की मागे जा, तू बाहेर पड. त्या गोंगाटात त्याचा आवाज पोहोचला नसेल, पण खुणेचा अर्थ स्पष्ट होता. मिनार्स्कीने आणखी प्रयत्न केला. शेवटी तो मागे सरकू लागला, पण पाठ फिरवून नव्हे. ब्रॉफीवरची नजर न काढता, तसाच रांगत, पुन्हा त्याच आगीतून उलटा दारापर्यंत गेला. तिथे तो जळत्या कपड्यांनिशी ताठ उभा राहिला आणि त्याने सलाम केला. त्याचे ओठ हलले. आवाज ऐकू येणे शक्यच नव्हते, पण तो काय म्हणाला हे ब्रॉफीला कळायला आवाजाची गरज नव्हती. तो म्हणाला होता, ‘गुड नाइट, सर.’ मग त्याने उडी मारली.

खालच्या फ्रेंच गावकऱ्यांनी आकाशातून एक जळता माणूस उतरताना पाहिला. पॅराशूट जळालेले असल्याने तो वेगाने खाली आला. गावकऱ्यांना तो जिवंत सापडला, पण अंग इतके भाजलेले होते की तो वाचू शकला नाही. तो सत्तावीस वर्षांचा होता. त्याची कबर सोम विभागातल्या मेअरीकूर गावच्या दफनभूमीत, इतर हवाई सैनिकांच्या कबरींबरोबर आहे.

विमानातल्या इतरांची हकिगतही सांगितली पाहिजे, कारण सात जणांच्या या कुटुंबात एकमेकांसाठी झटणारा केवळ मिनार्स्कीच नव्हता. बॉम्ब टाकणाऱ्या जॅक फ्रायडेने नाकातले दार उघडले तेव्हा वाऱ्याच्या झोताने ते उसळून त्याच्या डोक्यावर आदळले आणि तो बेशुद्ध पडला. फ्लाइट इंजिनिअर रॉय विगार्सने, विमान कोसळत असताना, त्याच्या अंगावर पॅराशूट अडकवले आणि त्याला दारातून बाहेर सोडले. फ्रायडेला शुद्ध आली ती काही दिवसांनी, जर्मनांच्या ताब्यात. विगार्सही पकडला गेला. नेव्हिगेटर रॉबर्ट बोडी, वायरलेस ऑपरेटर जिम केली आणि डी ब्रेन मात्र फ्रेंच लोकांच्या मदतीने लपून राहिले. ज्या फ्रेंच कुटुंबांनी अशा वैमानिकांना घरात घेतले त्यांना पकडले गेल्यास मृत्यूची किंवा छळछावणीची शिक्षा ठरलेली होती. आदल्या रात्री याच वैमानिकांचे बॉम्ब आपल्या स्टेशनावर आणि क्वचित आपल्याच घरांवर पडलेले असताना त्या लोकांनी दारे उघडली. या मदतीचा उल्लेख अशा गोष्टींमध्ये बहुधा एका वाक्यात उरकला जातो. मलाही इथे त्याहून फारसे जास्त लिहिता येत नाही, याची मला खंत आहे.

आता ब्रॉफी. विमानात तो एकटाच उरला, पोटात न टाकलेले बॉम्ब तसेच, आणि जमीन वर येत होती. वैमानिक नसतानाही विमान फारसे न गडगडता उतरत्या कोनात खाली आले. डावा पंख एका मोठ्या झाडावर आदळला आणि उखडला गेला. त्या हिसक्याने विमान गरकन फिरले, इतका वेळ कशालाही न बधलेला टरेट उघडला आणि ब्रॉफी बाहेर फेकला गेला. काही बॉम्बही फुटले. शुद्ध आली तेव्हा तो एका झाडाशी पडलेला होता. हातपाय शाबूत होते. घड्याळ दोन वाजून तेरा मिनिटांवर थांबलेले होते. ज्या टरेटने त्याला डांबून ठेवले, त्याच टरेटमुळे तो आगीपासून दूर राहिला आणि आदळण्याच्या क्षणी बाहेर पडला. पुढे त्यालाही फ्रेंच प्रतिकारकांनी आसरा दिला आणि दोस्त सैन्य येईपर्यंत तो त्यांच्यातच राहिला.

त्या उन्हाळ्यात ब्रॉफीला मिनार्स्कीचे काय झाले हे ठाऊक नव्हते. सप्टेंबरमध्ये तो लंडनला परतला आणि तिथे त्याला जिम केली भेटला. केलीने फ्रेंच लोकांकडून ऐकले होते की आपल्यातला एक जण जळत्या पॅराशूटने उतरला आणि गेला. ब्रॉफीला एका क्षणात सगळे कळले असणार. त्या आगीच्या भिंतीपलीकडे काय घडले हे जगात फक्त दोन माणसांना ठाऊक होते, आणि त्यांपैकी एक आता नव्हता. १९४५ मध्ये ब्रॉफी डी ब्रेनला भेटला आणि त्याने त्याला पूर्ण हकिगत सांगितली. डी ब्रेनने ती वरिष्ठांपर्यंत पोहोचवली, चौकशी झाली, इतरांचे जबाब घेतले गेले. ११ ऑक्टोबर १९४६ रोजी मिनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्यासाठीचे सर्वोच्च ब्रिटिश पदक, जाहीर झाले आणि विनिपेगमध्ये ते त्याच्या आईच्या हाती देण्यात आले. युद्ध संपून वर्ष उलटून गेले होते.

या गोष्टीच्या ज्या बाजूवर मी सर्वांत जास्त विचार करतो ती हीच आहे: पाहणारा वाचला, म्हणूनच हे सारे कळले. जमिनीवरच्या लढाईत आजूबाजूला आपली माणसे असतात. मिनार्स्की गेल्यानंतर चारच आठवड्यांनी, १० जुलै १९४४ रोजी, इटलीत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांनी आपली सारी तुकडी पडलेली असताना एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर धाव घेतली आणि तिथेच देह ठेवला. त्यांनाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगड जिल्ह्यात माणगावला त्यांचे स्मारक आहे. त्यांचे शौर्य उघड्या डोंगरउतारावर, लढाईच्या ऐन मध्यावर घडले. बॉम्बर विमानात मात्र जे घडते ते एका बंद, अंधाऱ्या नळीत घडते, आणि नळी जमिनीवर आदळली की सांगायला कोणी उरत नाही. युद्धाच्या काळात बॉम्बर कमांडच्या सुमारे सव्वा लाख विमानदल सैनिकांपैकी ५५,५७३ जण मृत्युमुखी पडले. लंडनजवळच्या रनीमीड स्मारकावर, ज्यांना कबरही नाही अशा वीस हजारांहून अधिक हवाई सैनिकांची नावे कोरलेली आहेत. त्यांच्यातल्या कितीजणांनी शेवटच्या मिनिटांत कोणासाठी काय केले असेल, हे कोणालाही कधी कळणार नाही. कोणी विगार्ससारखे बेशुद्ध सोबत्याला पॅराशूट अडकवत असतानाच गेला असेल, कोणी वैमानिक इतरांना उड्या मारता याव्यात म्हणून शेवटपर्यंत चाक धरून बसला असेल. घरी आलेल्या तारेत एवढेच असे की आपला मुलगा मोहिमेवरून परतलेला नाही. मिनार्स्कीला पदक मिळाले, कारण ज्याला तो वाचवू शकला नाही तोच वाचला. ब्रॉफीची आयुष्यभर अशी श्रद्धा होती की आपण जे पाहिले ते जगाला सांगता यावे म्हणूनच दैवाने आपल्याला ठेवले. मी तसे ठामपणे म्हणणार नाही, पण त्याच्या जागी दुसरे कोणते स्पष्टीकरण सुचले असते, हेही मला सांगता येत नाही.

पदकाच्या सनदेत एक वाक्य आहे, ज्याचा आशय असा की मिनार्स्कीने सोबत्याला सोडवण्याचा प्रयत्न केला नसता तर तो सुखरूप बाहेर पडून निःसंशय वाचला असता. ही साक्ष ब्रॉफीची आहे. ती देताना त्याला काय वाटले असेल, याची कल्पना करावी. आपल्या मित्राच्या मृत्यूचे कारण आपण आहोत हे सरकारी कागदावर स्वतः लिहवून घेणे सोपे नव्हते, आणि त्याने ते केले, कारण त्याशिवाय मित्राच्या कृतीचे मोल कोणाला कळले नसते.

कधी कधी असे म्हटलेले मी ऐकले आहे की मिनार्स्कीचे बलिदान निष्फळ ठरले. तो टरेट उघडू शकला नाही. ब्रॉफी वाचला तो झाडामुळे, त्याच्यामुळे नव्हे. हिशेब म्हणून हे खरे आहे. पण माझे मत अगदी वेगळे आहे. टरेटच्या आत अडकून जळत्या विमानात मृत्यूची वाट पाहणाऱ्या माणसाला, आपल्याकडे कोणीतरी आगीतून येते आहे, हे दिसले होते. ब्रॉफी त्या क्षणी मेला असता तरी तो एकटा मेला नसता. एवढ्यासाठी एखाद्याने प्राण द्यावेत का, असा प्रश्न विचारणाऱ्याला मी उत्तर देऊ शकत नाही. मात्र मिनार्स्की तो प्रश्न विचारायला थांबलाही नाही, आणि माझ्या दृष्टीने त्याचे मोठेपण तिथे आहे.

बॉम्बर कमांडविषयी लिहिताना जर्मन शहरांवरच्या हल्ल्यांबद्दल गप्प बसणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. जुलै १९४३ मध्ये एकट्या हँबुर्गमध्ये तीस हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत बायका-मुले अगणित. ते धोरण ज्यांनी आखले त्यांच्यावर इतिहासाने प्रश्न विचारलेच पाहिजेत, आणि विचारलेही आहेत. याच अस्वस्थतेमुळे बॉम्बर कमांडच्या मृतांसाठी लंडनमध्ये राष्ट्रीय स्मारक उभे राहायला २०१२ साल उजाडावे लागले. पण विनिपेगचा चामडे कापणारा मुलगा धोरण आखत नव्हता. ज्या रात्री तो गेला त्या रात्री त्याचे लक्ष्य एक रेल्वे यार्ड होते, आणि त्याच्या शेवटच्या दोन-तीन मिनिटांचा युद्धाशी काही संबंधच उरला नव्हता.

त्याची आठवण अनेक ठिकाणी जपलेली आहे. विनिपेगमध्ये त्याच्या नावाची शाळा आहे आणि उत्तर मॅनिटोबात त्याच्या नावाची सरोवरे आहेत. मिडलटन सेंट जॉर्जचा तळ आता टीसाइडचा विमानतळ झाला आहे. तिथे २००५ मध्ये, स्थानिक वृत्तपत्राच्या पुढाकाराने, त्याचा सलाम करतानाचा ब्राँझचा पुतळा बसवण्यात आला. माझ्या मते त्याचे सर्वांत बोलके स्मारक मात्र इथे ऑन्टारिओत, हॅमिल्टनच्या कॅनेडियन वॉरप्लेन हेरिटेज म्युझियममध्ये आहे. तिथल्या स्वयंसेवकांनी माल्टनमध्येच बांधलेले एक लँकेस्टर अनेक वर्षे खपून दुरुस्त केले आणि १९८८ मध्ये ते पुन्हा आकाशात गेले. त्याच्यावर केबी ७२६ च्या खुणा, व्हीआर-ए ही अक्षरे, रंगवलेल्या आहेत आणि त्याला मिनार्स्कीचे नाव दिलेले आहे. युद्धकाळात बांधलेल्या सात हजारांहून अधिक लँकेस्टरपैकी आज उडू शकणारी दोनच आहेत. दुसरे ब्रिटनच्या हवाई दलाकडे आहे. २०१४ मध्ये हे विमान अटलांटिक ओलांडून इंग्लंडला गेले, तिथे दोघे बरोबर उडाले, आणि त्या दौऱ्यात ते मिनार्स्कीच्या जुन्या तळावरही उतरले.

टोरोंटोच्या परिसरात राहणाऱ्यांना हॅमिल्टन गाडीने तासाभराचे अंतर आहे. मुले असतील तर त्यांना अवश्य न्यावे. विमान पाहताना बहुतेक जण पुढे, कॉकपिटच्या दिशेने जातात. तुम्ही मागे जा. पाठीवरचा टरेट, त्याच्या मागे उजव्या बाजूचे ते दार, आणि त्याच्याही मागे शेपटीचा टरेट, हे तिन्ही एका नजरेत येतात. दारापासून टरेटपर्यंत काही पावलांचेच अंतर आहे. तिथल्या स्वयंसेवकांना विचारलेत तर टरेटची दारे कशी उघडत, पॅराशूट कुठे टांगलेले असे आणि हाताने फिरवण्याची यंत्रणा कशी चाले, हे ते आनंदाने दाखवतात. त्यांच्यातले काही जण वयाने बरेच मोठे आहेत, तेव्हा हे विचारायचे असेल तर लवकर जाऊन यावे.